पंखा न लावता भिंतीत झरोके पाडायचे आहेत: कुठे, केवढे आणि कसे?

रानजाई

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीत, तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. विटांचं बांधकाम, बाहेरच्या भिंती ९ इंची. एका खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत, पश्चिमेची आणि उत्तरेची. तिथे सासूबाई झोपतात आणि त्यांना दमा आहे. दर पावसाळ्यात या खोलीत बुरशी धरते. पश्चिमेच्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट आहे. त्याच्या मागे खिडकीच्या बाजूने काळे ठिपके सुरू होतात आणि गौरी-गणपतीपर्यंत हातभर पसरतात. कपाटात पैठणीच्या घडीवर आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. कापूर, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, सगळं करून झालं.

हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं की वरच्या बाजूला ६ इंची लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप, बसवा, हवा खेळेल आणि ओल जाईल. एक्झॉस्ट पंखा मला नको आहे. वादळी पावसात वीज जाते ती तासन् तास येत नाही, आणि नेमकी तेव्हाच खोली कोंदते. शिवाय पंख्याच्या घरघरीने सासूबाईंना झोप लागत नाही.

एक झरोका पुरेल का? वर पाडायचा की खाली? पावसाचं पाणी आणि डास आत येणार नाहीत असं काय बसवायचं?

बाथरूम ६ बाय ४ फुटांचं आहे. त्याची खिडकी डक्टमध्ये उघडते, पण समोरच्यांना दिसतं म्हणून ती कायमची बंद केली आहे. आत गॅस गिझर आहे. तिथेही एक लूव्हर लावून घ्यावं म्हणते.

साइटवाला

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद आधी घेतो, बुरशीचं नंतर बघू. तो गिझर आजपासून पेटवू नका. आंघोळीचं पाणी शेगडीवर तापवा, पण त्या बंद बाथरूममध्ये गिझर नको.

कारण सांगतो. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गिझर सुमारे १२ किलोवॅटचा जाळ असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. एवढ्या ज्वलनाला तासाला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. तुमचं बाथरूम ८ फूट उंच धरलं तर त्यात हवा जेमतेम साडेपाच घनमीटर. दोघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की हवेतला ऑक्सिजन घटतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढायचंही भान उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा आतून कडी लावलेलं बाथरूम असतं.

इथे लूव्हर हा उपाय नाही. बाहेर वारा नसेल त्या दिवशी ६ इंची जाळीतून पुरेशी हवा येईल याची खात्री कोण देणार? गिझर बाहेर काढायचा, मोकळ्या बाल्कनीत किंवा धुण्याच्या जागेत, आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणायची. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

बाथरूमची खिडकी मात्र उघडाच. राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूम-संडासाला बाहेरच्या हवेत उघडणारी मोकळीक सांगितली आहे. ती तुमच्याकडे बांधतानाच ठेवलेली असेल. आडोसा हवा असेल तर काच काढून तिथे तिरक्या पट्ट्यांचं लूव्हर बसवा. दिसत नाही आणि हवा चालू राहते.

धुकं

साइटवाला यांच्या गिझरच्या सल्ल्याला माझं पूर्ण अनुमोदन. बुरशीबद्दल माझा अनुभव लिहितो. मी लीड्समध्ये भाड्याच्या घरात राहतो. पहिल्या हिवाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात अशीच काळी बुरशी आली होती. खिडकीच्या चौकटीत वर एक लांबट फट असते, सरकवून उघडायची. थंडी येते म्हणून आधीच्या भाडेकरूने ती टेपने बंद केली होती. टेप काढली, भिंतीत खाली एक जुनी जाळीची वीट होती तीही मोकळी केली, आणि महिन्याभरात भिंत कोरडी झाली. इंग्लंडच्या सध्याच्या नियमांत दुमजली घरातल्या प्रत्येक बेडरूमला कायम उघडं राहू शकेल असं ८००० चौरस मिलिमीटरचं छिद्र मागितलं आहे. म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर, एका ४ इंची पाइपाएवढं. त्यामुळे एक झरोकाही पुष्कळ काम करतो असं माझं मत.

लंबक

धुकं, तुमच्याकडे ते काम करतं याचं कारण तुमचा हिवाळा. तोच झरोका रत्नागिरीच्या जुलैत तसं काम करणार नाही. थोडी आकडेमोड देतो, कारण सगळा प्रश्न इथेच आहे.

लीड्सला बाहेर ५ अंश तापमान असताना हवा कितीही दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे ७ ग्रॅमपेक्षा कमी बाष्प मावतं. ती घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. थोडक्यात, बाहेरून कोरडी हवा फुकट मिळते आणि ती भिंत सुकवते.

कोकणात जुलैत बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प. ही हवा घरात घेतली तर ती काय सुकवणार? भिंत किंवा फरशी हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार असेल तर उलट तिच्यावरच दव धरतं. पावसाच्या तोंडावर तळमजल्याच्या फरशीला घाम येतो तो यामुळेच. आणि पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, पाणी गळायलाच हवं असं नाही.

दुसरा मुद्दा ओढीचा. पंखा नसताना हवा दोनच गोष्टींनी हलते, तापमानातला फरक आणि वारा. खालचं आणि वरचं छिद्र यांत २ मीटर अंतर आणि आत-बाहेर २ अंशांचा फरक असेल तर मिळणारा दाब ०.१६ पास्कल. सेकंदाला ३ मीटर वारा, म्हणजे झाडाची पानं सतत हलतील एवढा, भिंतीवर सुमारे ५ पास्कल दाब देतो. तीस पट. तुमच्याकडे हिवाळ्यात आत-बाहेर १५ अंशांचा फरक असतो, म्हणून ऊन हवा वर चढून आपोआप बाहेर पडते. आमच्याकडे सगळी भिस्त वाऱ्यावर. आणि वाऱ्याला आत यायला एक तोंड लागतं, बाहेर पडायला दुसरं. एकाच भिंतीत एकच भोक पाडलं तर हवा तिथल्या तिथे घुटमळते.

रानजाई

गिझर बंद केला आहे. प्लंबर परवा येतोय, धुण्याच्या जागेत हलवणार. साइटवालादादा, मनापासून आभार. सासूबाई गेल्या थंडीत दोनदा आंघोळीनंतर चक्कर आली म्हणाल्या होत्या आणि आम्ही ती रक्तदाबाची समजत होतो.

लंबक, तुमचं वाचून प्रश्न पडला. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली, तर मग झरोका पाडायचाच कशाला?

लंबक

पाडायचा, पण कशासाठी ते ठरवून. घरात आपण स्वतः ओल तयार करतो: आंघोळ, भाताचा कुकर, दोरीवरचे ओले कपडे, रात्रभराचा श्वास. बाहेर २३ ग्रॅम असेल आणि बंद खोलीत ती २५-२६ वर गेली असेल तर तो वरचा भाग झरोका नक्की बाहेर टाकतो. दम्याच्या माणसाला कोंदट हवेपेक्षा ते केव्हाही बरं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तर तो भिंत सुकवेलही. बुरशीचा सगळा भार मात्र त्याच्यावर टाकू नका.

आता कपाट. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खाली लाकडी ठोकळे द्या. आजच, फुकट. कपाटाच्या मागची हवा हलत नाही आणि भिंतीचा तो भाग गार राहतो. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर भिंतीत दहा झरोके पाडूनही तिथली बुरशी जाणार नाही.

साइटवाला

आणि एक तपासणी, खर्च शून्य. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन काळ्या ठिपक्यांच्या जागी भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली. भिंतीतून येत असेल तर झरोका विसरा, आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. गिलाव्याला लोणा लागलाय का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का, तेही सांगा.

माळवद

आमच्या सोलापूरकडच्या धाब्याच्या घरांना छतात सवणं, म्हणजे धूर-उजेडासाठी ठेवलेलं भोक, असायचं. चुलीचा धूर आणि ऊन हवा सरळ वर जायची, खालून दारातून गार हवा आत. तिथे हवा कोरडी, त्यामुळे ते उत्तम चालायचं. कोकणातली जुनी कौलारू घरं वेगळ्या तऱ्हेने श्वास घेतात. नळ्यांच्या किंवा मंगलोरी कौलांच्या सांध्यासांध्यातून हवा जाते, आणि भिंत जिथे संपते तिथे वाशांच्या मधे फट असते. चूल बारा महिने पेटलेली, म्हणून पावसाळ्यातही घरात ऊब आणि कोरडेपणा. हल्ली लोक कौलांखाली पीओपीचं सपाट छत करतात, चूल गेली, आणि मग त्याच घरात ओल धरते. असं छत करायचंच असेल तर वरच्या पोकळीला दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीच्या खिडक्या ठेवा. तिथे हात आखडता घेऊ नका.

केळफूल

स्वयंपाकघराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जवळजवळ दुप्पट. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर असलेल्या घरात एक झरोका जमिनीपासून वीतभर उंचीवर हवाच. पाइपचा गॅस मिथेन, तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, त्याला झरोका वर हवा. मुंबई-पुण्यात सिलिंडर काढून पाइपलाइन घेतलेल्या घरांनी वरची झडप बंद नाही ना हे जरूर बघावं. खालचा झरोका गटाराच्या चेंबरकडे किंवा तळघराच्या जिन्याकडे उघडू देऊ नका, तिकडे गॅस आणखी साचेल. ट्रॉलीच्या कपाटात सिलिंडर कोंडला असेल तर त्याच्या दाराला खाली भोकं पाडून घ्या.

आणि जाळीची स्वच्छता. ओट्याजवळची जाळी फोडणीच्या वाफेने चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात ती पत्र्यासारखी बंद होते. मी दर दिवाळीच्या साफसफाईत काढून गरम पाणी आणि सोड्यात भिजत टाकते. म्हणून स्क्रूने पक्की केलेली जाळी घेऊच नका, खटक्याने निघणारी घ्या.

रानजाई

प्लास्टिक लावून झालं. थेंब भिंतीकडच्या बाजूला, तेही खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातच. तिथून दोन फूट बाजूला लावलेल्या दुसऱ्या तुकड्याला आतून काहीच नाही, फक्त खोलीकडून किंचित दमटपणा. बाहेरून पाहिलं तर खिडकीच्या कडाप्प्याच्या खाली केसासारखी चीर आहे आणि कडाप्प्याचा उतार आतल्या बाजूला आहे.

साइटवाला

हे बरं झालं, रोग सापडला. पश्चिमेचा पाऊस थेट त्या भिंतीवर झोडपतो आणि उलट्या उताराने पाणी आत येतं. कडाप्पा काढून बाहेरच्या बाजूला उतार देऊन परत बसवायचा. त्याची कड भिंतीच्या दोन इंच बाहेर हवी आणि कडेच्या खाली पागोळीची खाच, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकतं. चीर उघडून भरून घ्या. दिवाळीनंतर भिंत कोरडी पडली की मगच रंग.

आता झरोका. पश्चिमेच्या भिंतीत नको, ती पावसाची आहे. उत्तरेच्या भिंतीत घ्या, वरच्या बाजूला, बीमच्या खाली. हवा बाहेर पडायला वाट म्हणून खोलीच्या दाराखाली एक सेंटिमीटर फट ठेवा. पाऊण मीटर रुंद दाराला तेवढ्यानं ७५ चौरस सेंटिमीटर मिळतात, पुढे सांगतो त्या पाइपच्या जवळपास बरोबरीचं माप. ती हवा पॅसेजमधून बाथरूमच्या उघड्या लूव्हरने डक्टमध्ये जाईल. वारा फिरला की उलट दिशेनेही येईल. तसं झालं तर बाथरूमची हवा खोलीत नको म्हणून आंघोळीच्या वेळी आणि नंतर अर्धा तास बाथरूमचं दार लावून ठेवा.

काम असं करून घ्या. छिन्नी-हातोडा नको, बाहेरच्या गिलाव्याच्या खपल्या निघतात आणि चिरांतून पुन्हा पाणी शिरतं. कोअर कटिंगवाला बोलवा, पाणी सोडत डायमंड बिटने गोल भोक पाडतो. त्याआधी भिंतीतली वायर आणि नळ कुठून गेलेत ते बघा. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा बाजूला भोक नकोच. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमची इमारत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय एकही भोक पाडू नका. त्या भिंतीच इमारत पेलतात.

भोकात ११० मिलिमीटरची पीव्हीसी पाइप. ९ इंची भिंत आणि दोन्हीकडचा गिलावा धरून लांबी मोजा, बाहेर इंचभर जास्त ठेवा. बाहेरच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर उतार, हे मिस्त्रीला स्वतः लेव्हल लावून दाखवायला सांगा. पाइपभोवतीची फट वॉटरप्रूफिंग घातलेल्या सिमेंटच्या मालाने पूर्ण लांबीत भरायची, नुसतं तोंडाशी थापून चालत नाही. बाहेर खाली तोंड असलेली टोपी. टोपीला सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी लावायचं, खालची कड मोकळी ठेवायची. चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. मिस्त्री हौसेने चारही बाजू बंद करतो, तेव्हा जवळ उभं राहा.

आतून उघडमीट करता येणारी झडप घ्या. फरशीला घाम येतो त्या आठवड्यात आणि वादळाच्या रात्री ती बंद करता आली पाहिजे. स्वयंपाकघराच्या झरोक्याला मात्र झडप नको, तो कायम उघडा.

कोयनाकाठ

जाळीचं माप कुणी धरलंय का? डासांच्या जाळीतून मोकळी जागा दोन तृतीयांशच उरते. त्यात लूव्हरच्या पट्ट्या. दुकानात ६ बाय ६ म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या लूव्हरमधून खरी हवा त्याच्या निम्म्यातूनही जात नाही. माझ्या मते एका पाइपाऐवजी दोन घ्याव्यात.

लंबक

सहमत. ८५ चौरस सेंटिमीटरच्या उघड्या पाइपातून, दाराखालच्या फटीसह, बऱ्या वाऱ्यात तासाला २५ ते ३० घनमीटर हवा येईल. वारा पडला की जेमतेम सात-आठ. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा असते. जाळी लावल्यावर हे आकडे आणखी खाली येतील. दोन पाइप घ्या आणि एका कोपऱ्यात शेजारी शेजारी न ठेवता लांब ठेवा, एक छताजवळ, दुसरी पलंगाच्या उंचीवर पण पायांच्या बाजूला, म्हणजे झोत आजींच्या छातीवर येणार नाही. दोन पाइप झाल्या की दाराखालची फटही दोन सेंटिमीटर करा, नाहीतर हवा तिथेच अडेल. जाळी स्टीलची घ्या, फायबरची जाळी सैल पडते.

रानजाई

सोसायटीच्या सचिवांना पत्र दिलं आहे. उत्तरेच्या भिंतीमागे जिन्याची मोकळी जागा नसून बाग आहे, त्यामुळे हरकत नसेल असं ते म्हणाले. कडाप्प्याचं आणि झरोक्याचं काम एकाच गवंड्याकडून दिवाळीनंतर करून घेणार. तोवर कपाट पुढे ओढलंय, आणि पैठणी व इतर साड्या वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंकडे दिल्या. सासूबाईंनी स्वतःच बाथरूमची खिडकी उघडून ठेवली.

एक शंका राहिली. काम झाल्यावर हवा खरंच खेळते आहे हे कसं ओळखायचं?

साइटवाला

अगरबत्तीने. पंखे बंद करा, बाथरूमचं दार उघडा, खोलीचं दार लावा आणि दाराखालच्या फटीपाशी अगरबत्ती धरा. धूर एका दिशेने सलग ओढला गेला पाहिजे. मग प्रत्येक पाइपपाशी धरून बघा, एकीकडे आत आणि एकीकडे बाहेर असं दिसलं तरी चालेल. धूर सरळ वर जात राहिला तर वाट कुठेतरी बंद आहे. बहुतेक वेळा बाथरूमचं लूव्हर नाहीतर दाराजवळची चटई. सकाळी एकदा आणि दुपारी खारं वारं सुटल्यावर एकदा, अशा दोन वेळा बघा. निकाल इथे नक्की लिहा.

धुकं

लंबक, लीड्समधल्या अनुभवावरून मी सरसकट सल्ला दिला होता, तुमच्या आकड्यांनी ते स्पष्ट झालं. रानजाई, आजींसाठी एक सुचवतो: बॅटरीवर चालणारं छोटं आर्द्रतामापक खोलीत ठेवा. बाहेरच्यापेक्षा आतला आकडा सतत जास्त दिसला तर झडप उघडायची, बाहेरचा जास्त असेल तर थोडा वेळ बंद.

लंबक

फक्त आत-बाहेर दोन्हीकडे तापमानही टिपा. तापमान वेगळं असताना नुसत्या टक्क्यांची तुलना फसवते. आत ३० अंशांना ७५ टक्के म्हणजे २३ ग्रॅम, आणि बाहेर २६ अंशांना ९० टक्के म्हणजे २२. टक्के बाहेर जास्त दिसतात, तरी झडप उघडणंच बरोबर.